दाताच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी व्हीआर: ऑटिझम असलेल्या मुलांसाठी सांगली-मिरजेत कोणी वापरलंय का?

निळीछत्री (विश्रामबाग, सांगली)

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या पालकांसाठी हा धागा काढतेय. कराड-साताऱ्याकडच्यांनीही लिहा.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. बोलतो, पण कामापुरतं. आवाज, वास आणि चेहऱ्याजवळचा स्पर्श, या तिन्हींचा त्याला फार त्रास होतो आणि दाताच्या दवाखान्यात नेमकं हेच सगळं असतं. खालच्या दोन दाढा किडल्या होत्या. मागच्या वर्षी एका दवाखान्यात दोघांनी त्याला धरलं आणि तिसऱ्याने तपासलं. त्यानंतर कित्येक महिने तो घरी ब्रश तोंडात घालू देईना. त्या रस्त्याला रिक्षा वळली तरी अंग चोरून रडायचा.

माझ्या भाच्याकडे व्हीआर हेडसेट आहे, म्हणजे डोळ्यांवर लावला की आपण दुसऱ्याच जागी आहोत असं दाखवणारा मोठा चष्मा. व्हीआर आणि दातांचे उपचार असं शोधलं की सगळीकडे एकच चित्र दिसतं: मूल खुर्चीत, डोळ्यांवर हेडसेट, आत समुद्र आणि मासे, बाहेर डॉक्टरांचं काम चाललेलं. आम्हीही तेच करणार होतो. पण आमच्या ओटी ताईंनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मुलाकडून रोजच्या कामांचा सराव करून घेतात) विचारलं, "याला समोरचं दिसेनासं झालं की तो जास्त घाबरतो. डोळे झाकलेले असताना तोंडात कोणाचा तरी हात गेला तर?"

मग आम्ही मासे बाजूला ठेवले. नव्या डॉक्टरांना विचारून त्यांच्याच दवाखान्याचं ३६० अंशांचं चित्रीकरण केलं. दार, चपला काढायची जागा, बाकं, खुर्ची, वरचा दिवा, चूळ भरायचं भांडं, कपाटाशी उभ्या असलेल्या सहायक ताई. डॉक्टरांनी मास्क लावलेला आणि मास्क काढलेला, दोन्ही चेहरे घेतले. मुलगा घरी गादीवर बसून ते बघायचा, मान वळवून आपल्याला हवं तिथे बघायचा. चूळ भरायच्या भांड्यापाशी तर तो रेंगाळायचाच, कारण त्यात पाणी गोल फिरतं. मी शेजारी बसून तेच ते शब्द त्याच क्रमाने म्हणायचे.

प्रत्यक्ष गेलो तेव्हा हेडसेट घरीच ठेवला होता. तो आत गेला, थेट भांड्यापाशी गेला, पाणी सुरू करून मागितलं आणि मग स्वतःहून खुर्चीत बसला. आरसा तोंडात घेऊ दिला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ड्रिल न लावता हाताच्या हत्याराने कीड काढून सिमेंट भरलं. मध्ये दोनदा तो उठला, दोनदा परत बसला. कोणी त्याला धरलं नाही.

माझं ठाम मत झालंय की व्हीआरचा खरा उपयोग खुर्चीत बसायच्या आधी आहे. दहावीच्या परीक्षेआधी आपण आदल्या दिवशी जाऊन नंबर कुठल्या खोलीत आलाय ते बघून येतो, तसं. पण हे एकाच मुलावरून बोलतेय. तुमचे अनुभव हवेत, आणि दातांचे डॉक्टर इथे असतील तर त्यांचं मतही.


येरळाकाठ (विटा)

ताई, वाचताना डोळे भरून आले. आमची मुलगी सात वर्षांची, बोलत नाही. चित्रांच्या कार्डांवर तिचं सगळं चालतं. जेवण, आंघोळ, शाळा, झोप अशी कार्डं भिंतीवर ओळीने लावलीत. वरच्या पुढच्या दातांना कीड लागलीय आणि मागे एक दाढही काळी दिसते. खाण्यात ठरावीक दोन-तीनच पदार्थ, तेही मऊ, आणि घास गालात धरून ठेवायची सवय. रात्री दात करकर वाजवते.

विट्याहून सांगलीला जायचं म्हणजे येऊन-जाऊन अख्खा दिवस मोडतो. एसटीने नेऊन तिथे तिने तोंडच उघडलं नाही तर तसंच परत यायचं. म्हणून आधी घरी काही दाखवता आलं तर फार बरं होईल. पण न बोलणाऱ्या मुलीला हे कळेल का? आणि सात वर्षांच्या मुलीला हा चष्मा लावलेला चालतो का?


हळदगाव (सांगली)

मला हे पटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. माझ्या पुतण्याला ऑटिझम आहे. त्याचा मोबाइल सोडवायला घरातल्या सगळ्यांना किती कष्ट पडले ते मी जवळून पाहिलंय. बालरोग तज्ज्ञांच्या संघटनेनेच २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. आता आपणच मुलांच्या डोळ्यांना स्क्रीन बांधायची? डॉक्टरांनी वेळ दिला, गोड बोलले, तर यातल्या कशाचीच गरज पडणार नाही.


निळीछत्री

दादा, तुमची काळजी खरी आहे आणि आमच्या घरातही हाच प्रश्न आला होता. फरक इतकाच की यात गोष्ट नाही, गाणं नाही, गेम नाही. एक रिकामा दवाखाना आहे. चार-पाच मिनिटांत संपतं आणि मी शेजारी बसलेली असते. तो त्याला चिकटला नाही. दवाखाना नीट ओळखीचा झाल्यावर त्याने हेडसेट मागितलाही नाही.

गोड बोलण्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या मुलाला अनोळखी माणसाचं गोड बोलणं हा आणखी एक आवाज वाटतो. पुढे काय होणार हे कळलं की तो शांत होतो.


झोपाळा (मिरज)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. निळीछत्री ताईंच्या ओटींशी सहमत. थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं, हेडसेट हीच एक सेन्सरी, म्हणजे अंगाला स्पर्श-दाब जाणवणारी गोष्ट आहे. साधारण अर्धा किलो वजन, नाकाच्या दांड्यावर दाब, डोक्याभोवती पट्टा, गालाला लागणारा फोम. ज्या मुलाला टोपी सहन होत नाही, केस विंचरू देत नाही, त्याला हे लावणं म्हणजे दाताच्या आधी दुसरी लढाई. म्हणून पट्टा लावूच नका. मूल स्वतःच्या हाताने दुर्बिणीसारखं डोळ्यांशी धरेल आणि नको वाटलं की खाली घेईल असं ठेवा. खाली घेणं त्याच्या हातात असलं पाहिजे.

दुसरं, चक्कर. डोळ्यांना हलतंय असं दिसलं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला काहीच हलल्याचं कळलं नाही की मळमळतं. चित्रीकरण करताना कॅमेरा हातात धरून चालू नका. एका जागी तिकाटण्यावर ठेवा, मग दुसऱ्या जागी. खुर्ची मागे झुकतानाचा भाग तर फार जपून घ्या. दृश्य मागे झुकतंय आणि मूल सरळ बसलंय असं झालं तर ते घाबरून हेडसेट फेकेल. तो भाग दाखवताना मुलालाही उशांवर मागे रेलून बसवा.

मागे झुकण्याची भीती आमच्या बऱ्याच मुलांना असते. पाय जमिनीवरून सुटले की त्यांना पडतोय असं वाटतं. डॉक्टरांना सांगून खुर्ची आधीच झुकवून ठेवता येते. मूल स्वतः चढून आडवं होतं आणि खुर्ची त्याच्या अंगाखाली हलत नाही. एवढ्या एका बदलाने काही मुलांचा अर्धा त्रास कमी झालेला मी पाहिलाय.

विट्याच्या दादा, सात वर्षांच्या मुलीला हेडसेट नको. मेटा कंपनीने आपल्या क्वेस्ट हेडसेटची वयाची अट २०२३ मध्ये तेरावरून दहा वर्षांवर आणली, तीही पालकांच्या खात्यावरून वापरली तरच. प्लेस्टेशनच्या हेडसेटला बारा वर्षांची अट आहे. पण तेच ३६० अंशांचं चित्रीकरण साध्या मोबाइलवर किंवा टॅबवर चालतं. टॅब उजवीकडे फिरवला की उजवीकडची भिंत दिसते, वर धरला की छत. तिला टॅब हातात धरून स्वतःभोवती फिरू द्या. आणि चित्रीकरणातली प्रत्येक जागा फोटो काढून कार्ड करून घ्या: दार, बाक, खुर्ची, आरसा, चूळ, घर. शेवटचं घराचं कार्ड विसरू नका. कधी संपणार हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. बोलत नाही म्हणजे समजत नाही असं मुळीच नाही.


येरळाकाठ

ताई, मनापासून आभार. घराचं कार्ड लक्षात ठेवतो.


बालदंत (मिरज)

मी बालदंतरोग शाखेत काम करते. धागा वाचून दिवसभर हाच विषय डोक्यात होता. मोठं लिहितेय.

आमच्या शाखेत "आधी सांगा, मग दाखवा, मग करा" ही पद्धत १९५९ पासून शिकवली जाते. निळीछत्री ताईंनी त्यातलं "दाखवा" दवाखान्यातून उचलून घरी नेलं. ज्या मुलाला खुर्चीशेजारच्या त्या दोन मिनिटांत काहीच आत घेता येत नाही, त्याला घरी हवा तितका वेळ मिळतो. मला हे फार पटलं.

पण अभ्यास काय सांगतात तेही मांडायला हवं, कारण ते पूर्णपणे ताईंच्या बाजूने नाहीत. २०१४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दातांची भीती असलेल्या ८० ऑटिस्टिक मुलांचे चार गट केले होते. एका गटाला नेहमीचीच पद्धत. दुसऱ्याला आधी एक व्हिडिओ दाखवला, त्यात दुसरं मूल शांतपणे तपासून घेतंय. तिसऱ्याला खुर्चीत व्हिडिओ गॉगल. चौथ्याला दोन्ही. दुसऱ्या भेटीत भीती आणि विरोध कमी झालेला दिसला तो गॉगल मिळालेल्या दोन गटांत. नुसता व्हिडिओ पाहिलेल्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे खुर्चीतल्या विरंगुळ्याचाही काही मुलांना उपयोग होतो.

त्यामागचं कारण साधं आहे. दुखणं जाणवायलाही लक्ष लागतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांच्या मलमपट्टीच्या वेळी त्यांना व्हीआरच्या जगात नेण्याचे प्रयोग नव्वदच्या दशकातच सुरू झाले, तेही याच पायावर.

आता माझ्या बाजूची अडचण. मला तोंडात काम करायचं असतं. हेडसेट नाकावर बसतो, वरच्या पुढच्या दातांशी माझे हात त्याला आपटतात. मुलाचे डोळे मला दिसत नाहीत, आणि मूल घाबरलंय हे मला डोळ्यांवरून तोंडाच्या आधी कळतं. त्यात मुलाने मान वळवून मासा बघितला की माझ्या हातातलं हत्यार तिथेच राहतं. म्हणून खुर्चीत हेडसेट चालला तर तो तपासणी आणि फ्लोराइडचा लेप एवढ्यापुरता. एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) चालू असताना मला हेडसेट नको. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारं हत्यार ते, मान हलायला नको.

माझ्या मते सगळ्यात विचार करण्यासारखा अभ्यास व्हीआरचा नाहीच. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयातला आहे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते बारा वर्षांची १६२ ऑटिस्टिक मुलं. प्रत्येकाची दातांची सफाई एकदा नेहमीच्या खोलीत आणि एकदा बदललेल्या खोलीत. बदल काय, तर मोठे दिवे बंद, छतावर प्रोजेक्टरने हळू हलणारी चित्रं, मंद संगीत आणि अंगाला घट्ट लपेटणारं एक आवरण. बदललेल्या खोलीत मुलांच्या शरीरावरचा ताणही कमी मोजला गेला आणि वागण्यातला त्रासही. डोक्यावर काहीही न लावता.

तेव्हा दवाखाना चालवणाऱ्याने आधी दिवा मंद करावा, मग हेडसेटचा विचार करावा.


निळीछत्री

डॉक्टर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. बोस्टनच्या अभ्यासाबद्दल एक विचारू का? त्या व्हिडिओत दुसरं मूल होतं. माझ्या मुलाला दुसऱ्या मुलात रस नसतो, त्याला जागेत रस असतो. आपली स्वतःची खुर्ची, आपले डॉक्टर, आणि मान वळवून स्वतः शोधायची मोकळीक, यामुळे फरक पडत असेल का?


बालदंत

पडत असेल असं मलाही वाटतं, पण माझं हे वाटणंच आहे. या विषयावरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि व्हीआर म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळंच काही असतं. कुठे कार्टून, कुठे दवाखान्याची तालीम. दोन्ही एकाच नावाने मोजली की गोंधळ होतो. तुम्ही करताय ती तालीम आहे आणि ती करण्यात मुलाला धोका जवळजवळ नाही. एक अपवाद: फिट्स. ऑटिझमबरोबर अपस्मार असणं दुर्मिळ नाही. मुलाला कधीही झटका आला असेल तर लुकलुकणारं काही दाखवण्याआधी, हेडसेट लावण्याआधी त्याच्या मेंदूविकार तज्ज्ञांना विचारायचं.

आणि ज्यांना फिट्ससाठी फेनिटॉइन चालू आहे त्यांनी हिरड्यांकडे लक्ष द्या. त्या औषधाने हिरड्या सुजून वाढतात. औषध मनाने बंद करू नका, पण दातांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. गोड सिरप असलेल्या औषधांनंतर चूळ भरायला लावा. झोपताना दिलेलं गोड औषध रात्रभर दातांवर राहतं.


शांतकोपरा (कराड)

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय सव्वीस. इथे पालक आणि डॉक्टर बोलतायत, म्हणून मला लिहावंसं वाटलं.

लहानपणी मला दाताच्या खुर्चीत धरून ठेवलं होतं. दुखलेलं मला आठवत नाही. पण हात आठवतात, आणि "झालं, झालं, संपलं" असं म्हणत असताना न संपणं आठवतं. खोटं सांगितलं हे मला त्या वयातही कळत होतं.

म्हणून विरंगुळ्याबद्दल मला भीती वाटते. मला मासे दाखवून तोंडात सुई घातली तर पुढच्या वेळी मला माशांचीही भीती वाटेल. मला लक्ष दुसरीकडे नेलेलं नको होतं. आता काय होणार, किती वेळ होणार आणि कधी थांबवता येणार हे हवं होतं. आता मी ज्या डॉक्टरांकडे जातो ते दहापर्यंत मोजतात आणि दहाला खरंच हात काढतात. मी डावा हात वर केला की थांबतात. काळा चष्मा आणि कानांवर आवाज अडवणारे मफ मी घरून नेतो. दातांच्या एक्स-रेच्या वेळी छातीवर ठेवतात ते जड एप्रन मी मागून घेतो आणि काम संपेपर्यंत अंगावर ठेवतो. त्या वजनाने बरं वाटतं.

प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला असंच वाटेल असं नाही. काहींना गाणं, चित्र हवं असेल. मुलाला विचारा. बोलत नसेल तर दोन्ही समोर ठेवा आणि कशाकडे हात जातो ते बघा.

व्हीआरचं चित्रीकरण कराल तेव्हा त्यात आवाजही खरा ठेवा. सक्शनचा (तोंडातलं पाणी ओढणाऱ्या नळीचा), एअरोटरचा. घरी तो हळू करून ऐकता येतो आणि थोडा थोडा वाढवता येतो. तो आवाज मला आधी असा ऐकायला मिळाला असता तर बरं झालं असतं.


झोपाळा

हे वाचून मी बराच वेळ थांबले. आवाजाचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मूल स्वतः आवाज वाढवेल असं ठेवायचं, आपण वाढवायचा नाही.


हळदगाव

शांतकोपरा, तुमचं लिहिणं वाचून मला माझ्या पुतण्याकडे नव्याने बघावंसं वाटतंय. स्क्रीनबद्दल माझी काळजी अजून आहे, पण चार मिनिटांचा रिकामा दवाखाना बघणं वेगळं आहे हे मान्य.


अंगणवाडीताई (तासगाव)

वासाचं काय? दवाखान्यात शिरलं की तो लवंगेच्या तेलासारखा उग्र वास येतो. आमच्या शेजारचा मुलगा दारातूनच नाक दाबून मागे फिरतो. वास काही मोबाइलवर दाखवता येत नाही.


बालदंत

तो वास खरोखरच लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचा असतो. तात्पुरत्या भरणाच्या सिमेंटमध्ये ते वापरतात. तुमच्या डॉक्टरांकडून कापसाचा एक बोळा वासापुरता मागून डबीत बंद करून न्या. मुलाला डबी लांबून उघडून दाखवा, तोंडात घालू देऊ नका. तसेच एक-दोन हातमोजे आणि एक मास्क. रबरी हातमोज्याचा वास आणि ओठाला लागणारा त्याचा स्पर्श, हे दोन्ही हेडसेटमध्ये येत नाहीत आणि प्रत्यक्षात तेच आधी लागतात. घरी आईने हातमोजा घालून फक्त ओठाला बोट लावायचं आणि काढायचं. एवढंच. आणि सकाळची पहिली वेळ मागा. तेव्हा वासही कमी असतो, गर्दीही नसते. खाली रिक्षात थांबा, आत बोलावलं की फोन येईल असं सांगून ठेवा.


येरळाकाठ

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. मुलीची ती काळी दाढ आहे तिथे कालपासून गाल थोडा सुजल्यासारखा वाटतोय. आधी चित्रीकरण, कार्डं हे सगळं करून मग यावं का?


बालदंत

नाही दादा. थांबू नका, उद्याच या. गालाला सूज म्हणजे जंतुसंसर्ग पसरतोय अशी शक्यता असते. ताप असेल, डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सूज चढत असेल, तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल तर उद्याचीही वाट बघू नका, रात्रीच मोठ्या रुग्णालयात जा. तालीम ही ठरवून करायच्या उपचारांसाठी. अशा वेळी मुलीला आधी काही दाखवायला जमलं नाही तरी चालेल.

बऱ्याच दातांना कीड असेल आणि मूल तपासूच देत नसेल तर पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं करावं लागतं. त्याला भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर लागतं. पालकांना त्याची भीती वाटते, पण योग्य ठिकाणी केलं तर दर वेळी धरून करण्यापेक्षा ते मुलाच्या मनाला पुष्कळ सोपं जातं. सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कराडला कृष्णाचं आहे. बालदंतरोग विभागात विचारा.

वरच्या पुढच्या दातांवर कदाचित ड्रिलची गरज पडणार नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध बारीक ब्रशने किडीवर लावतात, कीड तिथेच थांबते. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी सांगून ठेवते. दुधाच्या दातांना बहुतेक आईवडील ते स्वीकारतात.


येरळाकाठ

ताप नाही. गिळतेय. सकाळच्या पहिल्या गाडीने निघतो.


वाळवा_शिक्षक (इस्लामपूर)

कागदपत्रांबद्दल थोडं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात ऑटिझम असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यासाठी आधी वैद्यकीय चाचण्या लागत नाहीत, आणि ओपीडीच्या भागात दातांची प्रतिबंधात्मक काळजीही धरलेली आहे. पावत्या, चिठ्ठ्या जपून ठेवा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं ते दातही बघतं. त्या दिवशी आपल्या मुलाला घरी ठेवू नका. पथकातल्या डॉक्टरांना आधी भेटून मुलाची सवय सांगा.


तंबोरा (मिरज)

मी फ्लॅट, हॉलचं ३६० अंशांचं चित्रीकरण करतो. माझ्याकडे दोन भिंगांचा कॅमेरा आणि तिकाटणं आहे. इथल्या कोणत्याही दवाखान्याने परवानगी दिली तर मी हे विनामूल्य करून देईन. माझ्या बहिणीच्या मुलाला याची गरज आहे, म्हणून मनापासून सांगतोय.

फक्त काही गोष्टी सांगा. कॅमेरा किती उंचीवर ठेवू? नेहमी मी मोठ्या माणसाच्या उंचीवर ठेवतो.


निळीछत्री

दादा, किती मोठं काम कराल तुम्ही! उंची मुलाची ठेवा. आमच्या भाच्याने माझ्या मुलाच्या डोळ्यांपर्यंतचं माप सुतळीने घेतलं होतं. खुर्चीत तर कॅमेरा उशीवर, डोकं जिथे टेकतं तिथेच ठेवायचा, म्हणजे वरचा दिवा आणि डॉक्टरांचा वाकलेला चेहरा खरा जसा दिसेल तसा येतो. दिवा बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही घ्या.


शांतकोपरा

बाहेर पडायचा रस्ताही घ्या. खुर्चीपासून परत दारापर्यंत. आत कसं जायचं हे सगळे दाखवतात.


बालदंत

तंबोरा दादा, माझ्या दवाखान्यात या. गुरुवारी दुपारनंतर बंद असतो, तेव्हा रुग्ण नसतात. कोणाही मुलाचा चेहरा, कागद, फाइल त्यात येणार नाही एवढं आपण बघू. सहायक ताईंनाही विचारलंय, त्या तयार आहेत. तुकडे वेगवेगळे करा, दोन-दोन मिनिटांचे: दार, बाक, खुर्ची, आरसा, हवा-पाण्याची पिचकारी, सक्शन, एअरोटर, चूळ आणि बाहेर. म्हणजे ज्या मुलाला सक्शन नको असेल त्याला तो तुकडा नंतर दाखवता येईल. एअरोटर मी हातात धरून हवेत चालवेन, तोंडात घालून दाखवणार नाही.

विट्याच्या दादांची मुलगी आज येऊन गेली. त्यांच्या परवानगीने एवढंच लिहिते की सूज आटोक्यात आहे, औषध सुरू झालंय. दाढेचं काम पुढच्या आठवड्यात.


येरळाकाठ

हो, घरी पोचलो. आज बाकावर बसलेली असताना मी तिचा, बाकाचा आणि दाराचा फोटो काढून घेतला. तंबोरा दादा, चित्रीकरण झालं की खुर्चीचा आणि आरशाचा तुकडा आधी पाठवाल का? आमच्याकडे टॅब आहे.


तंबोरा

शुक्रवारी सकाळपर्यंत पाठवतो. तुमच्याकडे नेट कमी पडत असेल तर फाइल लहान करून पाठवेन, टॅबवर नेटशिवाय चालेल.